जमादार आणि कापसाची ओटी

दहाव्या दिवशी सकाळी जमादारने दीड भाकरी खाल्ली, वर वाडगाभर ताक प्याला आणि साखळीला हिसका देऊन कवाडावरच्या कावळ्यावर भुंकला, तेव्हा कुठे भगवंतराव पाटलांच्या घराचा जीव भांड्यात पडला. वैद्यबुवांनी बजावून ठेवलं होतं, कुत्र्याला मारायचं नाही, बांधून ठेवायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. दहा दिवस त्याने नीट अन्नपाणी घेतलं तर चावा साधा, मग काळजी फक्त जखमेची. त्यामुळे गेले दहा दिवस या घरात पाटलांच्या जेवणाची जितकी विचारपूस झाली नसेल तितकी जमादारच्या जेवणाची झाली होती.

जयवंता धावत, म्हणजे सातव्या महिन्यातल्या बाईला धावता येईल तितपत धावत, ओसरीवर आली.

"माय, खाल्ली! दीड खाल्ली!"

ओसरीवरच्या बाजेवर तिची आई पार्बताबाई पाय पसरून बसली होती. उजव्या पोटरीला जुन्या धोतराची पट्टी होती आणि चेहऱ्यावर, ज्याच्यावर राग धरलाय तोच बरा निघाल्यावर माणसाची होते ती पंचाईत.

"खाल्ली असन," ती म्हणाली. "माह्या पोटरीची चव आता कुठं तोंडातून गेली असन त्याच्या."

घडलं होतं ते असं. पार्बताबाई दसऱ्यानंतर लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला तिवश्याकडून आल्या होत्या. विहीणबाईंनी, म्हणजे जयवंताच्या सासूने, आशाबाईंनी त्यांना थांबवून घेतलं. चार दिवसांवर पहिली वेचणी होती. वावरातली पाच झाडं पुजायची, दहीभात उधळायचा, आणि पहिला कापूस घरी आणून सवाशिणीच्या ओटीत घालायचा. त्यातल्याच मूठभर कापसाची वात मारुतीपुढे लावायची. यंदा हा मान आशाबाईंनी हौसेने विहिणीला दिला. पार्बताबाई कापसाने भरलेली ओटी सावरत, नव्या लुगड्यात, मारुतीच्या देवळाला निघाल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि जमादारने त्यांची पोटरी धरली.

आता जमादारची बाजूही सांगायला हवी. विलायतेच्या गिरण्यांना दूर कुठल्याशा लढाईपायी कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला दोन वर्षांत असा भाव आला होता की लोक कापूस सोन्यासारखा जपायला लागले होते. पाटलांच्या अंगणात कापसाची पुरुषभर उंचीची रास, गंजी, उघडी पडलेली असायची. वेचणाऱ्या बायका जाता जाता ओटीत मूठ मूठ दडवतात, असा जयवंताच्या नवऱ्याचा, देवीदासचा, ठाम समज झाला. त्याने अकोटच्या बाजारातून पिल्लू आणलं आणि वर्षभर खपून त्याला एकच विद्या शिकवली: भरल्या ओटीची बाई फाटकाबाहेर पडायला लागली की धरायचं. डोक्यावर भारा, काखेत पाटी, हातात बोचकं, कशालाच जमादारची हरकत नसे. त्याचं वैर फक्त ओटीशी होतं. त्या दिवशी त्याने आपली चाकरी चोख बजावली होती आणि शाबासकीऐवजी साखळी का मिळाली, हे त्याला बिचाऱ्याला दहा दिवसांत कळलेलं नव्हतं.

दुपारची जेवणं झाली आणि ओसरीवर बैठक बसली. आदल्या दिवशीच पार्बताबाईंचा भाऊ चंद्रभान बैलबंडी घेऊन दाखल झाला होता. उमरावतीच्या कचेरीत त्याचं जाणंयेणं असे, आणि कचेरीत जाणंयेणं असलेला माणूस सोयऱ्यांच्या घरीही थोडी कचेरी घेऊनच येतो. भगवंतराव घोंगडीवर बसले होते. देवीदास खांबाला टेकून उभा होता. आशाबाई उंबऱ्याशी, आणि जयवंता त्यांच्या मागे, कवाडाआड.

"पाटील, आपन सोयरे," चंद्रभान म्हणाला. "गोष्ट गोडीनं झाली पाहिजे. पन कचेरीत सायबाचा नवा कायदा आला हाये. जनावर बाळगलं, त्याची नीट राखन केली नाई अन् मानसाले इजा झाली, तं मालकाले दंड. नाई तं कैद."

"कैद?" आशाबाईंनी पदर सारखा केला. "सोताच्या जवायाले कैद करता काय, भाऊ?"

"म्या कुठं म्हनलं? कायदा म्हनते."

"कायदा कायले उमरावतीहून बंडीत घालून आनता?" भगवंतराव शांतपणे म्हणाले. "या गावचे तंटे मीच तोडतो. गेल्या साली तेल्याचं कुत्रं गुराख्याले चावलं, तवा याच ओसरीवर निवाडा केला होता. कुत्रं पयल्यांदा चावलं तं मालकाचा दोष नाई, त्याले काय ठाऊक! पन चावते हे समजल्यावरबी त्यानं ते मोकळं ठेवलं, तं पुढचा चावा मालकाचा. मंग त्यानं दवापानी करावं, नवं लुगडं-धोतर द्यावं अन् चारचौघात हात जोडावे." ते लेकाकडे वळले. "जमादारचा हा पयलाच चावा. काय रे, देवीदास?"

"पयलाच," देवीदास म्हणाला. म्हणताना तो अंगणातल्या गंजीकडे बघत होता.

कवाडाआड जयवंताच्या बांगड्या वाजल्या. तिने हात पोटाशी घट्ट धरला.

"मंग झालं," पार्बताबाई बाजेवरून म्हणाल्या. "पयला म्हना, माफ करा, माहं काई म्हननं नाई. इहीनबाईनं दहा दिवस माहा पाय मांडीवर घेऊन धुतला, ते मी जलमभर इसरनार नाई. पन एक आयका. हे कुत्रं या अंगनात असेपर्यंत माही लेक अन् तिचं लेकरू या उंबऱ्याच्या आत येनार नाई. उद्या ते दुडूदुडू चालन. झबल्यात कापसाचं बोंड धरून फाटकाकडं जाईन. तवा काय हा जमादार त्याले वळखन?"

आशाबाईंनी लेकाकडे पाहिलं.

"कुत्रं नाई जानार," देवीदास म्हणाला. "साऱ्या वऱ्हाडात असं कुत्रं नाई."

"लेक तरी कुठं हाये साऱ्या वऱ्हाडात माह्या लेकीवानी," पार्बताबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आपल्या आईला जयवंता ओळखत होती. एकदा बोललेला शब्द ती परत घेत नसे, मग त्यापायी स्वतःला कितीही रडावं लागो. आणि देवीदास? तोही त्याच मातीचा. आईची माया खरी होती, पण हे घर आता जयवंताचं होतं. सासूच्या हातची आंबील, सासऱ्यांचं खाकरणं, विहिरीवरचा गारवा, आणि हा रागीट, हट्टी, रात्री उशाशी बसून 'काई दुखते काय' विचारणारा नवरा. हे सगळं एका कुत्र्यापायी सुटायचं? आणि तेही खोट्यावर?

कारण पहिला चावा हा नव्हताच.

गेल्या माघात, शेवटच्या वेचणीच्या दिवसांत, ओढ्याकाठच्या माळ्याची बायको मैनाबाई भाजी घालायला आली होती. मैनाबाई वेचणीलाही यायची आणि मळ्यातली भाजीही आणून द्यायची. त्या दिवशी फाटकातून परतताना जमादारने तिला धरलं. देवीदास गोठ्यातून ओरडत धावला, "सापडली चोर!" कुत्रं सोडवलं ते जयवंताने. जखम बांधली तीही तिनेच. "आपल्या घरची गोष्ट हाये, बाबाले सांगू नको," असं देवीदासने बजावलं, आणि नवी सून ती, गप्प राहिली. मैनाबाईने त्यानंतर या घरची वेचणी सोडली. गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. फाटकाच्या आत तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. भाजी आजही द्यायची, पण गडग्यावरून, अंगणाच्या बुटक्या दगडी भिंतीपलीकडून.

जयवंता कवाडाबाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला, पण आवाज मात्र मागे ओढला नाही.

"मामंजी, हा पयला नोहे."

"तू आत जाय," देवीदास म्हणाला.

"राहू दे तिले," भगवंतराव म्हणाले. "बोल, सूनबाई."

"माघात मैनाबाईले चावला. डाव्या पायाले. पट्टी म्याच बांधली."

देवीदास खांबापासून सरळ झाला. "ते येगळं होतं. ते चोरी करून राहिली होती. ओटी भरून निंघाली होती."

"ओटीत वांगे होते." जयवंताला आता थांबणं नव्हतं. "आपल्याले देऊन उरलेले, पाटलाच्या आळीत इकायले नेऊन राहिली होती. अंगनभर सांडले. म्या एकेक येचून तिच्या पदरात घातले. कापसाचं एक बोंड नव्हतं तिच्यापाशी. तुमी ओटी पाहिली, ओटीत काय हाये ते नाई पाहिलं."

एवढं सगळं नवऱ्याला, भर ओसरीवर, सासऱ्यांसमोर. चंद्रभानने पान चघळायचं थांबवलं. देवीदासचा चेहरा आधी तांबडा झाला, मग उतरला. तो रागीट होता, पण खोटारडा नव्हता. दहा दिवस त्यालाही अन्न गोड लागलं नव्हतं, हे जयवंताला ठाऊक होतं.

"वांगे होते?" त्याने विचारलं.

"वांगेच."

"मले तवा काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं काय?"

आता लेकाच्या बाजूने आशाबाई उठणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या उठल्याही, पण जाऊन बसल्या बाजेवर, विहिणीच्या पायाशी.

"इहीनबाई, मलेबी बोलू द्या," त्या म्हणाल्या. "या घरच्या आमी बाया गेल्या सालापासून ओटीत काई घेऊन फाटकाबाहेर जात नाई. आमाले कोनं सांगतलं नाई. आपसूकच पाटी घ्याले लागलो. पानी आनाले जाताना कमरंची सुपारीबी हातात घेतो. कुत्र्याले सुधारायचं सोडून आमीच सुधारलो, अन् आमाले त्याचं काई वाटेनासं झालं. म्हनून तुमची ओटी म्या ह्या हातानं भरली, तुमाले फाटकाकडं धाडलं, अन् ध्यानातच आलं नाई. दोष एकट्या माह्या लेकाचा नाई. माहाबी हाये."

पार्बताबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. दोघी विहिणी एका बाजेवर बसल्या, आणि ओसरीवरचे पुरुष एकाएकी फार थोडे दिसायला लागले.

भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तेल्याले जो न्याय, तोच पाटलाच्या पोराले. दुसरा चावा मालकाचा. कुत्र्यानं ते केलं जे तू शिकवलं. जमादार आजपासून दिवसा साखळीत, दिवेलागनीनंतर मोकळा, गळ्यात घुंगरू. बाहेरच्यानं फाटकातून आवाज द्यायचा, घरातलं कोनी गेल्याबिगर आत यायचं नाई. इहीनबाईले लुगडं-चोळी. मैनाबाईलेबी तेच, अन् हात आधी तिच्यापुढं जोडायचे. ते पयली हाये."

मैनाबाईला बोलावणं गेलं. ती नवऱ्याबरोबर आली आणि फाटकाबाहेरच थांबली. देवीदास चालत फाटकापर्यंत गेला. अंगणाची ती तीस पावलं जयवंताला तिवश्याच्या वाटेएवढी लांब वाटली.

"मैनाबाई, चूक माही," तो हात जोडून म्हणाला. "चोर म्हनलो, ते परत घेतो. हे लुगडं घे."

मैनाबाईने लुगड्याला हात लावला नाही. "लुगडं नको, बापू. लुगडं घेतलं तं लोक म्हनतीन, पाटलानं मिटवलं. लोकाइनं मले इथून रडत जाताना पाहिलं. आता हसत जाताना पाहिलं पाहिजे. माही ओटी कापसानं भरा, अन् कुत्रं मोकळं सोडून, भर दिवसा मले या फाटकातून जाऊ द्या. तवा मिटलं."

"अगं, धरन ते!" तिचा नवरा म्हणाला.

"धरू नये इतकं शिकवा मंग," मैनाबाई देवीदासला म्हणाली. "तुमीच शिकवलं ना?"

हे ऐकून बाजेवरून पार्बताबाईंनी मांडीवर थाप मारली. "हे बाई खरी! जवाईबापू, मीबी थांबतो पाच दिवस. मैनाबाई धड पायानं फाटकाबाहेर गेली, तं माही लेक लेकरू घेऊन इथंच येईन. शब्द हाये माहा."

शिकवलेलं विसरवणं हे शिकवण्याहून अवघड. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास गोठ्यातून एक बोचकं घेऊन आला आणि मान खाली घालून जयवंतासमोर उभा राहिला. बोचक्यात तिचं हिरवं लुगडं होतं, वर्षापूर्वी दोरीवरून नाहीसं झालेलं, ज्याच्यासाठी तिने धोब्याशी उभा दावा मांडला होता.

"जमादारले शिकवायले नेलं होतं," तो पुटपुटला. "मीच नेसायचो. गोठ्याच्या मागं."

जयवंता भिंतीला धरून इतकी हसली की आशाबाई घाबरून धावत आल्या. मग त्याही हसल्या. चोरून केलेली विद्या आता उघड्यावर उलटी करायची होती. पहिले तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाटलांचा लेक मिशीवर पदर घेऊन, ओटीत कापूस भरून अंगणातून फाटकाकडे चालला. जमादार झेपावला की साखळी ताणायची आणि देवीदासने थांबून उभं राहायचं. जमादार गप्प बसला की ओटीतून गुळाचा खडा काढून द्यायचा. साखळी जयवंताच्या हातात असे. पहिल्या दिवशी जमादारने धन्याच्या लुगड्याचा काठ फाडला. दुसऱ्या दिवशी चंद्रभान हसून हसून ओसरीवरून पडता पडता राहिला. "कायद्यात असा दंड नाई बापा," तो म्हणाला, "पन असाले पाहिजे." तिसऱ्या दिवशी गडग्यावर सगळ्या आळीची पोरं बसली, आणि देवीदास चिडेल असं वाटत असताना तोच ठसक्यात कंबर हलवून चालला. जयवंताला आपला नवरा त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा लग्नातल्या बाशिंगातही आवडला नव्हता.

चौथ्या दिवशी आशाबाई ओटी भरून चालल्या. पाचव्या दिवशी पार्बताबाई स्वतः, लंगडत. जमादारने त्यांच्याकडे पाहिलं, मग जयवंताकडे पाहिलं, आणि जांभई दिली.

सहाव्या दिवशी बंडी जुंपलेली होती. जयवंताचं बोचकं, शिदोरी, लाडवांचा डबा सगळं आत चढलं होतं. मैनाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. आशाबाईंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि गंजीतला पांढराशुभ्र कापूस तिच्या ओटीत घातला. ओटी इतकी भरली की कापूस काठावरून बाहेर डोकावायला लागला.

"सोडा त्याले," मैनाबाई म्हणाली.

घरच्या बाया त्याच्या ओळखीच्या होत्या. ही नव्हती, हिचा तर त्याने एकदा चावा घेतला होता. जयवंताने साखळीची कडी काढली. पोटातलं बाळही गप्प झाल्यासारखं तिला वाटलं. देवीदास फाटकाशी उभा होता, मध्ये पडायच्या तयारीत.

मैनाबाई निघाली. जमादार उठला. घुंगरू वाजलं. तो तिच्या मागे चार पावलं गेला, तशी मैनाबाई थांबली, पण तिने वळून पाहिलं नाही. जमादारने डाव्या पायाची जुनी खूण हुंगली, मग ओटी हुंगली. त्याच्या नाकाला कापसाचा तंतू चिकटला आणि तो शिंकला. मग तो तिच्या पुढे होऊन, शेपूट हलवत, फाटकापर्यंत चालत गेला, घरच्या माणसाला पोचवायला जायचा तसा, आणि तिथे बसला.

मैनाबाईने ओटीतून गुळाचा खडा काढून त्याला दिला. तो तिने घरूनच आणला होता.

पार्बताबाईंनी डोळे पुसले आणि विहिणीचा हात धरला. "पाळना इथंच टांगून ठेवजा, इहीनबाई. सव्वा महिना झाला की मी सोता आनून सोडतो दोघाइले."

जयवंताने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिने काही न बोलता साखळी त्याच्या हातात दिली.

मैनाबाईचा मळा फाटकातून डावीकडे, ओढ्याच्या बाजूला होता, हाकेच्या अंतरावर. माघापासून ती त्याच आडवाटेने आली-गेली होती. भरली ओटी दोन्ही हातांनी धरून ती क्षणभर फाटकात उभी राहिली आणि उजवीकडे वळली, चावडीवरून, पारावरून, बाजाराच्या लांबच्या वाटेने, जिथे सगळं गाव बसलेलं होतं.